रात्रीच्या खेळासाठी डोळे कसे रंगवावेत

आमच्या साक्षरतेच्या वर्गात दोन जावा येतात. थोरली पन्नाशीची आहे, धाकटी चाळिशीच्या आतली. दिवसभर कांद्याची खुरपणी करतात आणि रात्री जेवणे आटोपून वर्गाला येतात. दोघींत मिळून एक वही. थोरलीला अक्षरे लवकर आली, धाकटीला आकडे.

यंदा गावातल्या बायकांनी जत्रेच्या रात्री खेळ करायचे ठरवले. खेळ अहिल्यादेवी होळकरांचा. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी झाला. आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच. तेव्हा गावाला या खेळाचा हुरूप होता. थोरल्या जावेला अहिल्यादेवींचे काम मिळाले. खेळाच्या आधी तमाशाच्या रीतीप्रमाणे गण आणि गौळण व्हायची होती. गौळणीत धाकटी होती.

एका रात्री धाकटी पदराखाली काहीतरी झाकून वर्गात आली. म्हणाली, "गुरुजी, माझं डोळं रंगवायला शिकवा. पार त्या टोकाच्या लिंबाखाली बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजेत."

पदराखाली एक डबी होती. आत सहा रंग. आठवड्याच्या बाजारात पथारीवर मिळाली होती. मी विचारले, "बाई, डबीवर काय लिहिलंय?"

"लिहिलं आसंल काय तरी. कागद निम्मा फाटलाय."

मी म्हटले, "मग आधी ती डबी बाजूला ठेवा. रंग नंतर."

वर्गातले दोन-तीन बापे हसले. मास्तर आता बायकांना नटवायला शिकवणार म्हणून. त्यांना मी सांगितले की बाबांनो, मी तीस वर्षे गावोगावच्या नाटकात पोरांची तोंडे रंगवली आहेत. आणि बायकांच्या भूमिकेत डोळे रंगवून उभे राहणारे बालगंधर्व (१८८८ ते १९६७) पुरुषच होते. त्यांची वेशभूषा पाहून शहरातल्या बायका लुगडी नेसायला शिकल्या असे जुनी माणसे सांगत. तेव्हा हसू नका, ऐका.

आता मुळात डोळे रंगवायचे कशाला ते पाहू. दिवसा उन्हात ऊन वरून पडते. कपाळाच्या हाडाची सावली डोळ्याच्या खोबणीत पडते. त्या सावलीमुळे डोळा खोल आणि ठसठशीत दिसतो. रात्री रंगमंचावर दिव्याचा झोत समोरून येतो, कधी खालूनही येतो. मग खोबणीतली सावली नाहीशी होते आणि सगळे तोंड भाकरीसारखे सपाट दिसते. दहा पावलांवरून डोळे ओळखता येतात, पन्नास पावलांवरून येत नाहीत. दिव्याने नेलेली सावली रंगाने परत आणायची, एवढेच आपले काम. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सोपे आहे. डोळ्यावर निळे-हिरवे काहीतरी फासले म्हणजे रंगभूषा झाली असे नाही.

हे कसब जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग सांगून त्यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग कसे करावेत ते दिले आहे. इजिप्त देशातली माणसे हजारो वर्षांपूर्वी हिरवा दगड आणि काळा सुरम्याचा दगड वाटून डोळ्यांना लावीत, पुरुषही लावीत. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्यात लाकडी मुखवटे घालतात, तिथे डोळे रंगवण्याची गरजच पडत नाही. पण तमाशात मुखवटा नाही. तिथे बाईचा चेहरा हाच सारा ऐवज.

तमाशाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्यातले संगमनेर हे कांताबाई सातारकरांचे गाव झाले. त्यांचा जन्म १९३९ साली गुजरातेत, एका मजुराच्या घरी झाला. लहानपण साताऱ्याकडे गेले म्हणून त्या सातारकर. तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या नावारूपाला आल्या. १९६४ साली खेडकर वारले. त्यानंतर या बाईने पदरात मुले असताना पुन्हा उभे राहून स्वतःचा फड चालवला. बाईची कामे केली तशी पुरुषांचीही कामे गाजवली. २००५ साली विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य शासनाचा पुरस्कार त्यांना मिळाला. मे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्या गेल्या. सांगायचा मुद्दा असा की, एकच चेहरा एका वगात बाईचा आणि दुसऱ्या वगात सरदाराचा होतो, तो भुवईच्या आणि पापणीच्या रंगाने. फडातल्या पोरी हे सारे राहुटीत, पेटीच्या झाकणातल्या आरशात बघून शिकतात. त्यांना कोणी पुस्तक दिलेले नाही.

आता डबीकडे येऊ.

मी नवा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या नाटकात एका पोराला राक्षस करायचे होते. माझ्याकडे रंग नव्हते. मी देवळातला शेंदूर घेतला, खोबरेल तेलात कालवला आणि पोराच्या डोळ्यांभोवती पार पापणीच्या केसांपर्यंत थापला. गॅसबत्तीच्या उजेडात राक्षस मोठा झोकात दिसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश. पण घाम येऊन रंग डोळ्यांत उतरला. पोरगे गुणी, त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत काम केले. सकाळी त्याचे डोळे उघडेनात. मी त्याला सायकलवर बसवून तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी डोळे धुतले, औषध घातले आणि मला बाजूला घेऊन सांगितले की शेंदूर म्हणजे शिसे. पोराच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचे मला जास्त लागले. आठ दिवसांनी पोरगे बरे झाले. माझे नशीब.

शिसे अंगाला वाईट, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर फारच वाईट. जुन्या रंगपेटीतल्या रंगांची ही गोम आहे. शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, सुरम्याचा खरा काळा दगड तोही शिशाचाच. सफेदा कधी जस्ताचा असतो, कधी शिशाचा. नुसते बघून ओळखता येत नाही. शिशाचे किंवा सोमलाचे रंग घालून सौंदर्यप्रसाधने बनवायला आपल्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा त्या कारखान्याला धरतो ज्याचे नाव-गाव डबीवर छापलेले असते. ज्या डबीवर नावच नाही तिला कोण धरणार?

म्हणून डबी विकत घेताना आधी वाचायची. छपाई बहुतेक इंग्रजीत असते, त्याला घाबरू नका. सगळे इंग्रजी यायची गरज नाही. एम, एफ, जी ही तीन अक्षरे शोधा. त्यांच्यापुढे माल केव्हा बनवला तो महिना आणि साल असते. मग ई, एक्स, पी ही तीन अक्षरे शोधा. त्यांच्यापुढे मुदत केव्हा संपते ते असते. काही डब्यांवर याऐवजी 'युज बिफोर' असे छापतात, म्हणजे त्या तारखेच्या आत वापरा. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवान्याचा नंबर आणि बॅच नंबर हेही असायला पाहिजे. आणि माल डोळ्यांसाठी आहे असे लिहिलेले असावे. आयशॅडो म्हणजे पापणीवर लावायचा रंग. ओठाचा रंग, केसाचा रंग किंवा रांगोळीचा रंग पापणीवर चालत नाही. शाळेत कागदावर चिकटवायची चमकी असते, ती तर मुळीच नको. तिचे बारीक तुकडे धारदार असतात. एखादा तुकडा डोळ्यात गेला आणि आपण चोळले की बुबुळावर ओरखडा उठतो.

धाकटीने आपली डबी दिव्याखाली धरली. फाटक्या कागदावर एक आकडा शिल्लक होता. तिने तो वाचला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, ह्याची मुदत तर पोरगी चौथीत व्हती तवाच संपली." पोरगी आता सातवीत आहे.

साठ रुपये वाया गेले म्हणून थोरली तिला बोलली. मी म्हटले, बोलू नका, तिने वाचले हे बघा. दुसऱ्या दिवशी दोघींनी नगरच्या दुकानातून साधी चार रंगांची डबी आणली. दुकानात उभे राहून दोघींनी तारीख वाचली, दुकानदार बघत राहिला.

रंग कोणते घ्यावेत? नवशिक्याने चारच घ्यावेत आणि ते एका घरातले घ्यावेत. एक मोतिया, म्हणजे दुधात चिमूटभर हळद पडावी तसा. एक काताच्या रंगाचा तपकिरी. एक चिंचोक्यासारखा गडद. चौथा काळा किंवा गडद वांगी. निळा, हिरवा, गुलाबी यांचा मोह होतो, पण ते रंग हात बसल्यावर. आपल्या सावळ्या कातडीवर काताचा आणि चिंचोक्याचा रंग सावलीसारखा मिसळून जातो. निळा तसा मिसळत नाही, तो वर तरंगतो.

खेळाच्या आदल्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आत रंगाचा ठिपका लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी खाज, लाली नसेल तर तो रंग आपल्याला मानवला. डोळे आलेले असतील, रांजणवाडी झाली असेल, तर त्या दिवशी रंग लावूच नये, मग काम केवढेही मोठे असो.

हात साबणाने धुवावेत. तोंड धुऊन कोरडे पुसावे. पापणीवर जरासा तोंडाचा पावडर लावावा. पापणीला तेलकटपणा असतो, त्यावर नुसता रंग लावला की घटकाभरात तो पापणीच्या घडीत गोळा होतो आणि काळी रेघ दिसते. आरसा हातात धरू नका, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर टांगा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वाकत नाही.

आता डोळा मिटून बोटाने भुवईखाली हलकेच चाचपा. हाड लागेल. त्या हाडाच्या आत जिथे बोट खाली उतरते, तीच खोबण. काताचा रंग तिथे लावायचा. कुंचला रंगावर टेकवा, मग डबीच्या कडेवर टिचकी मारून जास्तीचा रंग झाडा. ही टिचकी नवशिके विसरतात आणि पहिल्याच फटक्याला डाग पडतो. घड्याळाचा लंबक जसा इकडून तिकडे जातो तसा कुंचला खोबणीत हलक्या हाताने फिरवा. डोळा उघडून समोर बघा. उघड्या डोळ्याच्या वर रंगाची सावली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर रंग फार खाली लागला आहे, थोडा वर न्या.

एक डोळा पूर्ण करून मग दुसरा घेऊ नका. उजव्याला एक हात, डाव्याला एक हात, असे बरोबरीने चला. नाहीतर एक डोळा गौळणीचा आणि एक राक्षसाचा होतो. धाकटीचे पहिल्या रात्री तसेच झाले आणि सगळ्या वर्गाने हसून घेतले, तीही हसली.

त्यानंतर चिंचोक्याचा रंग. तो सगळ्या पापणीवर नाही, फक्त कानाकडच्या कोपऱ्यात. पापणीचे मनाने तीन भाग करा आणि बाहेरच्या एका भागात रंग द्या. नाकाकडे जसजसे जाल तसतसा तो विरत गेला पाहिजे. आता सगळ्यात महत्त्वाचे काम, कडा पुसट करायचे. याला मी वर्गात असे सांगितले. दिवेलागणीला ओट्यावर बसून अंधार पडताना बघा. अमुक ठिकाणी उजेड संपला आणि अमुक ठिकाणी अंधार सुरू झाला असे बोट ठेवून दाखवता येते का? तसेच रंगाचे पाहिजे. कोरडा, रंग न लावलेला कुंचला घ्या आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे फिरवत राहा. रंग लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ कडा विरवायला लागला तरी चालेल. कुंचला नसेल तर करंगळीशेजारचे बोट वापरा. त्या बोटाला जोर कमी असतो, म्हणून ते पापणीला बरे.

गडद वाटला नाही तर पुन्हा थोडा रंग घ्या. थोडा थोडा करून चढवता येतो. एकदम चढवलेला उतरवता येत नाही, पुसायला गेले की सगळे तोंड काळे होते. काळा किंवा वांगी रंग अगदी शेवटी, अगदी कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग पापणीच्या मधोमध मोतिया रंग बोटाने टेकवा. चोळू नका, नुसता टेकवा. झोत पडला की एवढाच भाग उजळतो आणि डोळा मोठा दिसतो. खालच्या पापणीला काताचा रंग, तोही बाहेरच्या कोपऱ्यालाच. गालावर रंगाची धूळ पडेल, ती कोरड्या कापसाने झटकावी. म्हणून शहाण्याने डोळे आधी रंगवावेत आणि गालाचा रंग मागाहून लावावा.

काजळाची रेघ पापणीच्या केसांच्या बाहेरून ओढायची. डोळ्याच्या आत, ओल्या कडेवर, काजळ घालू नये. बायकांना हे पटत नाही. आमच्या आजीने एरंडेलाच्या दिव्यावर पालथे भांडे धरून काजळ धरले, लोण्यात खलले, आणि एकाच बोटाने घरातल्या सात पोरांच्या डोळ्यांत घातले. एकाचे डोळे आले की सातांचे येत. त्या काळी खुपऱ्यांचा रोग घरोघर असे. डोळ्याचे पाणी लागलेले बोट, फडके आणि माश्या यांनी तो पसरे. त्याने कित्येकांची नजर गेली. सरकारने १९६३ साली त्यासाठी देशभर मोहीम काढली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातली ही पीडा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरली नाही असे जाहीर केले ते साल २०२४. एवढी वर्षे लागली. तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे आता डॉक्टर सांगतात. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा.

खेळाच्या गडबडीत मात्र हीच चूक पुन्हा होते. राहुटीत एकच काजळाची कांडी दहा जणींच्या डोळ्यांवरून फिरते. तसे करू नये. जिची तिची कांडी, जिचा तिचा कुंचला. त्यावर दोरा बांधून खूण करावी. ओला रंग आणि काजळ कोरड्या रंगापेक्षा लवकर बिघडतात. रंग सुकला म्हणून त्यात थुंकी किंवा पाणी घालून कालवू नये.

थोरलीने विचारले, "आन माझं काय, गुरुजी? अहिल्याबाईंनी कुठं डोळं रंगवलं व्हतं?"

प्रश्न बरोबर होता. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ साली गेले. त्यानंतर बाईने महेश्वराहून राज्य चालवले ते १७९५ साली देह ठेवीपर्यंत. पांढऱ्या वस्त्रातली बाई, तिला मोतिया चकाकी आणि कोपऱ्यातला काळा रंग शोभणार नाही. पण झोत तिच्याही खोबणीतली सावली नेणारच. म्हणून थोरलीला फक्त काताचा रंग, तोही एक हात, आणि भुवई जरा गडद. काजळ नाही. तिला ते एवढेसे वाटले. म्हणाली, "मला काय लावलंच न्हाई."

मग मी दोघींना चावडीपुढे नेले. जत्रेत लागणार होता तसाच एलईडीचा झोत ग्रामपंचायतीच्या शिपायाने लावून दिला. घरच्या दिव्यात रंगवून कधी समाधान मानू नये. गॅसबत्तीच्या उजेडात तांबडे रंग मळकट दिसत, जुन्या पिवळ्या बल्बात सगळेच तांबूस दिसे, आणि या नव्या पांढऱ्या झोतात प्रत्येक कड उठून दिसते. दोघींना उभे केले आणि बाकीचा वर्ग लिंबाखाली गेला. थोरलीचा नवराच म्हणाला, "वहिनीचं डोळं हिथून दिसत्यात. पण हिचं बघा, काय बी न लावता बघती कशी." त्याला वाटले तिने काहीच लावलेले नाही. थोरली काही बोलली नाही, पण पुढे तिने तक्रार केली नाही.

खेळ चालू असताना रंग डोळ्यात गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याचा तांब्या पडद्यामागे भरून ठेवावा. मान तिरपी करून भरपूर पाण्याने डोळा धुवावा. मध, दूध, कांद्याचा रस असले काही घालू नये. खुपणे थांबले नाही, अंधुक दिसले, उजेड सोसेना, तर रात्र असली तरी डॉक्टरकडे जावे.

खेळ संपला की सगळ्यात कंटाळ्याचे काम उरते. पहाट झालेली असते, पाय मोडून आलेले असतात, आणि बाया तशाच रंगासकट झोपतात. मग रंग रात्रभर डोळ्यात उतरतो. कापसावर चार थेंब खोबरेल घ्या, डोळा मिटा, कापूस पापणीवर वीस आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवा, मग वरून खाली अलगद ओढा. घासू नका. कापूस पांढरा निघेपर्यंत नवा घ्या. शेवटी साबणाने तोंड धुवा. कुंचलेही साबणाने धुऊन सावलीत वाळत घाला.

जत्रेनंतरच्या सोमवारी धाकटी वर्गाला आली. डोळ्यांना रंग नव्हता. तिने नवी डबी आणली होती. डबीच्या तळाला कागदाची पट्टी चिकटवून तिने स्वतःच्या हाताने आपले नाव आणि मुदतीचा महिना लिहिला होता. नावातला एक काना राहिला होता, तो तिने वर्गात बसून घातला.

घरचा अभ्यास. तुमच्या घरात काजळ, कुंकू, पावडर, मलम, जे काही असेल त्याच्या डब्या गोळा करा. प्रत्येकीवर ई, एक्स, पी ही अक्षरे शोधून मुदतीचा महिना आणि साल वहीत लिहा. ज्या डबीवर काहीच छापलेले नाही तिचे नाव वेगळ्या ओळीत लिहा. उद्या वर्गात वही आणा.